साखर आहे, हिमोग्लोबिन कमी आहे : आईला रोज अंजीर द्यावं का?

मुक्ता, सहकारनगर

नमस्कार. प्रश्न आईसाठी आहे. तिचं वय ६८. बरीच वर्षं साखर आहे, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी चालू आहे. मागच्या महिन्यात रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ९.८ आलं, तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीएवनसी ७.४. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि तेव्हापासून तिचं पोट साफ होत नाही. थोडा त्रास आधीही होता, पण आता दोन-दोन, तीन-तीन दिवस जातात. त्यामुळे ती गोळीवर इतकी वैतागली आहे की मधूनच बंद करते, मी ओरडले की परत घेते.

ती सकाळी तळजाईला फिरायला जाते. तिथल्या मैत्रिणींनी सांगितलं की पाच सुकी अंजिरं रात्री भिजत घालायची आणि सकाळी पाण्यासकट खायची. रक्त वाढतं, पोट साफ होतं, गोळ्यांची गरजच राहत नाही. एकीने फोनवर एक संदेशही पाठवलाय, त्यात लिहिलंय की अंजिरात दुधापेक्षा जास्त कॅल्शियम असतं आणि साखर असणाऱ्यांनाही ते चांगलं. आईला हे सगळं मनापासून पटलंय. काल रविवार पेठेतून अर्धा किलो सुकी अंजिरं येऊनसुद्धा पडली.

सध्या सिंहगड रोडला हातगाड्यांवर ओली अंजिरंही दिसतायत. द्यायचीच तर ओली की सुकी? किती? आणि गोळी खरंच बंद करता येईल का? कुणी घरी अनुभव घेतला असेल किंवा या विषयातलं कुणी असेल तर कृपया सांगा.

विनय, कोथरूड

माझ्या वडिलांना साखर आहे आणि आम्ही अंजीर, खजूर, मनुका घरात आणणंच बंद केलंय. सुका मेवा म्हणजे गोळा झालेली साखर. पोटासाठी इसबगोल द्या, दुधी द्या, पालेभाज्या द्या. अंजीर नकोच.

तळजाईकर

विनय यांच्याशी पूर्ण सहमत नाही. मलाही साखर आहे, गोळी चालू आहे. मी दोन सुकी अंजिरं भिजवून खातो, बारीक चावून, वर कोमट पाणी. पोटाला नक्की फरक पडला. हिमोग्लोबिनचं मला माहीत नाही, माझं आधीपासून ठीक आहे.

सोनोरीची लेक

मुक्ता, तुला एकेरी लिहिते, माझ्या मुलीच्या वयाची वाटतेस.

माझं माहेर सोनोरीचं, मल्हारगडाच्या पायथ्याचं. घरची अंजिराची बाग होती, आता भाऊ बघतो. आणि नोकरी पुण्यात, एका रुग्णालयाच्या आहार विभागात झाली. म्हणजे अंजीर मी झाडावरही पाहिलंय आणि साखरेच्या रुग्णांच्या ताटातही. त्याच्यावर माझा जीव आहे आणि म्हणूनच त्याच्या नावावर भलत्या गोष्टी खपवलेल्या मला सहन होत नाहीत. जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाच.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. गोळी बंद करायची नाही. शंभर ग्रॅम सुक्या अंजिरात लोह असतं साधारण २ मिलिग्रॅम. भरलेलं, चांगलं मोठं सुकं अंजीर धर १५ ग्रॅमचं. मैत्रिणींनी सांगितलेली पाच अंजिरं म्हणजे ७५ ग्रॅम, त्यातून मिळालं दीड मिलिग्रॅम. आईच्या गोळीच्या पाकिटावर बघ, एका गोळीत बहुतेक ६० ते १०० मिलिग्रॅम लोह लिहिलेलं असेल. शिवाय वनस्पतींमधलं लोह शरीर थोडंच शोषून घेतं. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणात मासिक पाळी चालू असलेल्या बाईची रोजची लोहाची गरज २९ मिलिग्रॅम धरली आहे. आईची गरज या वयात त्याहून कमी असेल, पण तिचा साठाच रिकामा झालेला आहे. तो पाच अंजिरांनी भरणार नाही. अंजिराने रक्त वाढतं हे मी माझ्या आजीकडूनही ऐकत आले. आजीच्या काळात बाळंतिणीला चार चांगल्या गोष्टी खायला मिळाव्यात म्हणून तसं सांगणं ठीक होतं. पण हातात ९.८ चा कागद असताना ठीक नाही.

आता याच ९.८ बद्दल. तू लिहिलंस त्यात मला अंजिरापेक्षा जास्त काळजीची गोष्ट ही वाटली. ६८ व्या वर्षी हिमोग्लोबिन का उतरलं, हे कुणी पाहिलं का? मेटफॉर्मिन खूप वर्षं घेतलं की काही जणांचं बी-१२ कमी होतं आणि त्यानेही रक्त कमी होतं. तिथे लोहाच्या गोळीने काम भागत नाही. बरीच वर्षं साखर असेल तर मूत्रपिंडावर परिणाम होऊनही हिमोग्लोबिन उतरतं. आणि या वयात पोटात कुठे सावकाश रक्तस्राव होतोय का, तेही डॉक्टरांना तपासावं लागतं. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतोच, त्यामुळे रंगावरून आपल्याला घरी काही कळत नाही. तेव्हा पुढच्या भेटीत फेरिटिन (लोहाचा साठा किती ते कळतं), बी-१२ आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते कळतं) या तीन तपासण्यांबद्दल विचार. झाल्या असतील तर उत्तमच.

गोळीने पोट घट्ट होतं हे खरं आहे, आईचा वैताग खोटा नाही. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका एवढ्याच कारणाने गोळी सोडायच्या आणि डॉक्टरांना सांगायच्याच नाहीत. सांगितलं तर डॉक्टर गोळीचा प्रकार बदलतात, मात्रा कमी करतात, कधी एक दिवसाआड घ्यायला सांगतात. हे मार्ग असताना मुकाट्याने सोसायचं किंवा मुकाट्याने बंद करायचं, दोन्ही कशाला?

आता पोटाकडे येते, कारण इथे अंजीर खरोखर आपल्या बाजूचं आहे. शंभर ग्रॅम सुक्या अंजिरात जवळजवळ १० ग्रॅम तंतू असतात. काही पाणी धरून मऊ होणारे, काही तसेच पुढे सरकणारे, आणि त्यात त्या बारीक बारीक बिया. शौच मऊ होतं, ढकललं जातं. याची नीट चाचणीही झालेली आहे. २०१६ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी बद्धकोष्ठ असलेल्या लोकांना आठ आठवडे अंजिराची पेस्ट दिली, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण अंजीर नसलेली, आणि अंजीर खाणाऱ्यांना खरंच फायदा झाला. पण त्यांनी दिलेली पेस्ट दिवसाला ३०० ग्रॅम होती. आईला एवढं देता येणार नाही, साखर आडवी येते. म्हणून अंजीर हा एक हातभार समजायचा, बाकीचं काम पाणी, भाजी, कोशिंबीर, फिरणं यांनी करायचं. विनयने लिहिलेला इसबगोलही चांगला आहे, फक्त तो भरपूर पाण्यासोबत आणि औषधांपासून थोड्या वेळाच्या अंतराने घ्यायचा.

साखरेचा हिशोब सांगते. सुक्या अंजिराच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग साखर असते, शंभर ग्रॅममध्ये ४८ ग्रॅम. पाच अंजिरं म्हणजे ३६ ग्रॅम, म्हणजे चहाचे सात चमचे. सकाळी अनशापोटी. साखर असलेल्या माणसाला हे कुणी सांगू नये. आणि 'पाण्यासकट' हेही लक्षात घे. भिजवल्यावर साखरेचा काही भाग पाण्यात उतरतो, पण ते पाणी प्यायलं की हिशोब तिथल्या तिथेच. भिजवल्याने अंजीर मऊ होतं, दातांना सोपं जातं, पोटात पाणी जातं. फायदा एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

पण विनय, 'नकोच' असंही मी म्हणणार नाही. दोन सुक्या अंजिरांत १४-१५ ग्रॅम साखर आणि तीन ग्रॅम तंतू येतात. ती दुसऱ्या कशाच्या तरी जागी खाल्ली तर चालतं. मुक्ता, आई सकाळी चहाबरोबर काय घेते? मारी बिस्किटं, टोस्ट, खारी? पुण्यातल्या साखरेच्या प्रत्येक रुग्णाच्या आहारनोंदीत मला हे तीन सापडायचे. त्यातलं काही काढ आणि त्या जागी अंजीर दे. वरून वाढवलंस तर साखर वाढणारच, मग दोष अंजिराला लागतो. घरी ग्लुकोमीटर असेल तर एखाद्या दिवशी अंजीर खाण्याआधी आणि दोन तासांनी बघ. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, आईचं उत्तर आईच्या बोटातूनच मिळेल.

कॅल्शियमचा संदेश माझ्याही फोनवर आला होता. वजनाला वजन लावलं तर तो खरा आहे, शंभर ग्रॅम सुक्या अंजिरात १६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात १२०. पण शंभर ग्रॅम म्हणजे सहा-सात मोठी अंजिरं. रोज कोण खाणार, आणि साखरवाल्याने का खावीत? दोन अंजिरांतून मिळतं पन्नास मिलिग्रॅम. एक कप दुधातून त्याच्या तिप्पट-चौपट मिळतं. नाचणीची भाकरी करत असाल तर तिच्यातून कितीतरी जास्त.

आता ओली की सुकी. हा माझ्या जिव्हाळ्याचा प्रश्न. ओल्या अंजिरात पाणीच जवळजवळ ८० टक्के. शंभर ग्रॅममध्ये साखर १६ ग्रॅम, तंतू तीन ग्रॅम. मध्यम आकाराची दोन ओली अंजिरं म्हणजे साधारण शंभर ग्रॅम. म्हणजे बघ, दोन ओली काय आणि दोन सुकी काय, साखर आणि तंतू जवळजवळ सारखेच. वाळवल्याने त्यात काही नवीन येत नाही, पाणी जातं एवढंच. पण ओली दोन खाल्ली की तोंड भरतं, पोटात पाणी जातं, तिसरं मागावंसं वाटत नाही. सुकी माणूस बोलता बोलता पाच खातो. म्हणून हंगाम आहे तोवर आईला ओलीच दे, सालीसकट, नीट धुऊन. ती अर्धा किलो सुकी डब्यात भरून फ्रीजमध्ये टाक, पावसाळ्यात कामाला येतील.

आणि पुण्यात राहून ओलं अंजीर न खाणं मला पटतच नाही. दिवे घाट चढलं की आपल्या दारातच जगात नाव काढणारं अंजीर पिकतंय. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हलकी, मुरमाड, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि कोरडी हवा, ही त्याची कमाई. आमच्याकडे दोन बहर धरतात. उन्हाळ्यात झाडाला ताण देऊन पावसाच्या तोंडावर छाटणी केली की तो खट्टा बहर, त्याची फळं थंडीत येतात, गोडीला जरा कमी. सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी केली की मीठा बहर, तो मार्च ते मे. तू सिंहगड रोडला बघतेस तो मीठा बहर असणार. हंगाम चालू आहे तोवर सासवड रस्त्याला दिव्याच्या आसपास थेट बागायतदार पाट्या घेऊन बसतात. एखाद्या रविवारी आईलाच घेऊन जा.

खोरचा बागायतदार

सोनोरीच्या ताईंनी सगळं बरोबर लिहिलंय. मी दौंड तालुक्यातल्या खोरचा, आमच्याकडेही अंजीरच. घेताना काय बघायचं तेवढं सांगतो.

अंजीर झाडावरच पिकतं. कच्चं तोडलेलं घरी ठेवून मऊ होईल, पण गोड होणार नाही. त्यामुळे आम्ही पहाटे, ऊन चढायच्या आत, पिकलेलं तेवढंच तोडतो. देठाजवळची मान मऊ पडलेली आणि फळ हाताला जड लागलं पाहिजे. साल थोडी तडकलेली असली तरी घाबरू नका, ती गोडीची खूण आहे. मात्र खालच्या डोळ्यातून, म्हणजे तळाच्या बारीक छिद्रातून, पाणी गळत असेल किंवा आंबूस वास येत असेल तर घेऊ नका, ते आंबायला लागलेलं असतं. देठातून पांढरा चीक निघत असेल तर फळ कच्चं आहे, ओठाला आणि जिभेला चरचरतं.

घरी आणलं की धुऊन ठेवू नका. तसंच पसरून फ्रीजमध्ये ठेवा आणि खाताना धुवा. दोन दिवसांत संपवा. म्हणूनच हे फळ लांब पाठवायला अवघड आहे आणि म्हणूनच पुणे-मुंबईच्या गिऱ्हाइकावर आमचं घर चालतं. मार्केट यार्डात ज्या दिवशी आवक जास्त असते त्या दिवशी भाव पडतो. फळ थांबत नाही, ते विकावंच लागतं. तुम्ही हंगामात आठवड्याला एक खोकं घरी नेलंत तरी आम्हाला आधार होतो.

स्नेहल, बिबवेवाडी

मध्येच विचारते, माफ करा. अंजिराच्या आत मेलेला कीटक असतो असं हल्ली सगळीकडे वाचायला मिळतं. माझ्या सासूबाई चतुर्थीला अंजीर खातात, त्यांनी हे ऐकल्यापासून हातात धरलं नाही. खरं आहे का?

सोनोरीची लेक

स्नेहल, सासूबाईंना निश्चिंत कर, निदान आपल्या अंजिराबद्दल.

अंजीर, वड, पिंपळ, उंबर ही सगळी एकाच कुळातली. फूल बाहेर दिसत नाही, फुलं त्या फळासारख्या गोळ्याच्या आत असतात. उंबर फोडलं की आतून चिलटं उडतात हे आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलंय. अंजिराच्या काही जातींनाही परागीकरणासाठी अशी एक बारीक गांधीलमाशी लागते. ती खालच्या डोळ्यातून आत शिरते. तुर्कस्तानातून येणारी सुकी अंजिरं बहुतेक अशा जातीची असतात. माशी आत मेली तरी अंजिरातलं प्रथिनं पचवणारं विकर तिला विरघळवून टाकतं, दाताखाली जे कुरकुरतं त्या बियाच असतात.

पण पुणे जातीचं अंजीर परागीकरणाशिवाय धरतं. त्याला माशी लागत नाही. पुरंदरच्या बागांत हीच जात, आणि तिच्यातूनच निवडलेली 'फुले राजेवाडी' नावाची जात. जाधववाडीला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्र आहे, तिथे या जातींवर काम होतं. तेव्हा सासूबाईंनी चतुर्थीला पुरंदरचं ओलं अंजीर खावं. ज्यांना व्रताच्या नियमाने ते कुळच वर्ज्य आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या श्रद्धेत मी पडत नाही.

सुक्या अंजिरात मात्र वेगळे किडे होऊ शकतात, साठवणीतले. दोरीत ओवलेल्या माळा येतात, बहुतेक अफगाणिस्तानच्या, त्या चांगल्या असतात, पण प्रत्येक अंजीर फोडून उजेडात बघून मगच खायचं. आत जाळं, भुकटी, अळी दिसली तर फेकून द्यायचं. वर पांढरी पूड दिसते ती बऱ्याचदा बाहेर आलेली साखर असते. पण कापसासारखी बुरशी किंवा कुबट वास असेल तर ते सगळंच टाकायचं, नुसतं पुसून खायचं नाही. आणि अगदी पांढरट, चकचकीत दिसणारी अंजिरं बऱ्याचदा गंधकाची धुरी दिलेली असतात. दम्याच्या लोकांना त्याने त्रास होऊ शकतो. मळकट तपकिरी दिसणारी घेतली तरी काही बिघडत नाही.

मुक्ता, सहकारनगर

काकू, किती आपुलकीने लिहिलंत. आईला सगळं वाचून दाखवलं. ती चहाबरोबर दोन टोस्ट घेते, तुम्ही बरोबर ओळखलंत. टोस्टच्या जागी दोन ओली अंजिरं खायला ती एका पायावर तयार आहे.

डॉक्टरांची वेळ शुक्रवारची घेतली आहे. फेरिटिन आणि बी-१२ केलेलंच नव्हतं. क्रिएटिनिन मागच्या वर्षीचं आहे, कागद शोधते.

दोन शंका. ती लोहाची गोळी सकाळीच घेते आणि एका मैत्रिणीने तिला अंजीर दुधात उकळून घ्यायला सांगितलं होतं, ते चालेल का? आणि अंजिराच्या पानांचा काढा साखरेवर चालतो असंही कुणीतरी म्हणालं. आमच्या सोसायटीच्या बागेत अंजिराचं झाड आहे, म्हणून विचारलं.

सोनोरीची लेक

लोहाच्या गोळीबरोबर दूध नको. दुधातल्या कॅल्शियममुळे लोह कमी शोषलं जातं. चहाही त्याच्या आसपास नको, कॅल्शियमची गोळी असेल तर तीही वेगळ्या वेळी. लोहाची गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी, क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. चहा आणि अंजीर सकाळी, गोळी सकाळच्या जेवणाच्या दोन तास आधी किंवा नंतर, असं काहीतरी वेळापत्रक डॉक्टरांना विचारून बसव. गोळीने मळमळत असेल तर जेवणानंतर घे म्हणतील, तेही चालतं. मुख्य म्हणजे घेणं सुटायला नको. जेवणात मोड आलेली मटकी, हरभरे, पालेभाज्या असू देत आणि वर लिंबू किंवा आवळ्याची फोड, म्हणजे जेवणातलं लोहही अंगी लागेल.

दुधात उकळलेलं अंजीर चवीला छान लागतं, पण त्यात लोक साखर घालतात, केशर-बदाम घालतात आणि मग ते पक्वान्न होतं. आईसाठी नको. अंजीर बर्फी आणि अंजीर मस्तानी यांनाही अंजीर म्हणून धरायचं नाही, हे तिला आत्ताच सांगून ठेव. उन्हाळा आहे, कुणीतरी आग्रह करणारच.

पानांचा काढा अजिबात नको. पानांवर काही छोटे अभ्यास झालेत, पण त्यावरून घरी काढा करून साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला पाजावा एवढा आधार त्यात नाही. गोळी आणि काढा मिळून साखर फार खाली गेली तर ६८ वर्षांच्या बाईला चक्कर येऊन पडायला वेळ लागत नाही. शिवाय पानांत आणि चिकात असं काही द्रव्य आहे की ते कातडीला लागून वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात, काळे डाग राहतात. आमच्या बागेत तोडणीला आई, वहिनी, गावातल्या बायका कोपरापर्यंत कापड गुंडाळूनच जायच्या आणि तरीही मनगटं चरचरायची. सोसायटीतल्या झाडाजवळ मुलं पानं तोडून खेळत असतील तर त्यांनाही सांग. रबराची ज्यांना अॅलर्जी आहे अशा काही जणांना अंजीर खाऊनही तोंडाला खाज येते, तसं आईला झालं तर लगेच थांबव.

किती द्यायचं ते परत लिहिते. ओली दोन, ती मोठी असतील तर दीड. पहिला आठवडा एकच दे. पोटाला एकदम तंतूंची सवय नसते, गॅस धरतो आणि मग आई म्हणेल की तेही नको. पाणी वाढव. तिला हृदयाचा काही त्रास असेल आणि पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर मात्र तेवढंच.

तो मागच्या वर्षीचा कागद नक्की शोध आणि शुक्रवारी नवीन तपासणी करून घे. अंजिरात पोटॅशियम बरंच असतं, सुक्यात शंभर ग्रॅमला ६८० मिलिग्रॅम. मूत्रपिंड नीट चालत असेल तर ते रक्तदाबाला चांगलंच. पण क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर पोटॅशियम रक्तात साचतं आणि मग फळांचा सगळा हिशोब बदलतो, केळं, नारळपाणी, अंजीर सगळ्यांचाच. तो आकडा हातात येईपर्यंत एकावरच थांब. आला की तुमच्या डॉक्टरांना दाखव आणि इथेही लिही, दोन चालतील की एकच, ते मग बघू.

विनय, कोथरूड

काकू, वडिलांच्या बाबतीत तुमचा 'च्या जागी'चा मुद्दा पटला. त्यांची साखर आता बऱ्यापैकी आटोक्यात आहे. रविवारी सासवड रस्त्याला जाऊन एक पाटी आणतो. ग्लुकोमीटर घरी आहेच, आधी आणि दोन तासांनी बघून आकडे इथे टाकतो.